रेडा चौथऱ्यावर चढला

आमचं गाव वेळापूरपासनं चार कोसावर, माळशिरस तालुक्यात, नाव कशाला पायजे, नाव लिवलं की तितली मानसं म्हंत्याल बाबू आमची अब्रू चव्हाट्यावर मांडाया लागला. बसा, त्या पोत्यावर बसा, पीठ लागंल कापडाला पन झटकलं की जातंय. मी गिरनीचा पट्टा चालू ठिवतो आन् बोलतो, आवाजाची सवय हाय मला, आवाज नसला की मला बोलायला सुचत न्हाय. तर आमचा बा मालकाच्या शेतावर राखनीला व्हता, त्याचा बा बी तितंच, आन् मी बी तितंच जन्मलो म्हना की, मळ्याच्या कडंच्या छपरात. आमी दोगं भाऊ, मी बाबू थोरला, म्हादू माझ्या पाठचा, आठ वर्सांनी ल्हान. जिमीन म्हनाल तर आमची नव्हती, बोटभर बी न्हाय.

गोऱ्यांचं राज जायच्या आदी, माझं लगीन नुकतंच झालं व्हतं, तवा थोरल्या मालकांनी ट्रॅक्टर आनला. पंचक्रोशीत पयला. कुर्डुवाडीला रेल्वेनं उतरवला आन् तितनं मातीच्या वाटंनं गावात आला, संगट एक पारशी मिस्त्री. काय सांगू तुमाला, लोखंडाची चाकं, मागची चाकं उभ्या मानसाच्या डोक्याला लागत्याल इतकी उंच, त्यास्नी लोखंडी दातं, रंग काळा, वर धुराडं, आन् आवाज असा की बैलांनी दावी तोडली. बायका पोरं घेऊन घरात शिरल्या. कोन तरी म्हनलं ह्यो तर यमाचा रेडा हाय, तवापासनं त्याचं नावच रेडा पडलं. मालक बी रेडाच म्हनायचे.

आता त्याच्यावर बसायचं कोनी? मालकांच्या भावकीत तरनी पोरं ढीग व्हती, पन कोन फुडं हुईना. गावात हूल उठली व्हती की त्याच्या चाकाला जे पिवळं वंगन घालत्यात ती गाईची चरबी हाय. हात लावला की बाट. मग मालकांची नजर माझ्यावर पडली. म्हनले बाबू, तुला काय बाटायचं हाय, बस तू. आसं म्हनले. हसत म्हनले, मायेनं बी म्हनले असतील, मानूस वाईट नव्हता, पन म्हनले ते आसं. मी बसलो. तवा मला त्याचं काय वाटलं न्हाय, मला बसायला मिळालं ह्येचाच आनंद. आज ध्यानात येतंय की ती खुर्ची मला दिली कारन ती दुसऱ्या कोनाला नको व्हती.

पारशी मिस्त्री महिनाभर ऱ्हायला. चांगला मानूस, माझ्या संगट एका ताटलीत भाकर खाल्ली त्यानं. त्यानं शिकवलं, चालू करताना आदी पेट्रोल, इंजन तापलं की मग राकेलवर घ्यायचं, आन् हँडल मारताना आंगठा आत न्हाय धरायचा, इंजन उलटी लाथ मारतंय. मी इसरलो एकदा. हे बगा मनगट, हे हाड हितं वाकडं बसलंय, ती त्याची लाथ. बायको म्हनली सोडा ह्यो रेडा. मी म्हनलो अगं बैल बी मारतोय की.

लई काम केलं त्यानं. आमच्याकडं काळी जिमीन, हराळी आन् कुंदा असा माजलेला की बैलाचा नांगर वरच्या वर सरकायचा, गरिबाची अर्धी जिमीन तर गवतानंच खाल्ली व्हती. रेडा आत हात-दीड हात घुसायचा आन् हराळीच्या मुळ्या जानव्यासारख्या वर काडायचा. उनाळ्यात नांगरट, मग बाजूच्या चाकाला पट्टा लावला की ऊस गाळायचं गुऱ्हाळ, तोच पट्टा पंपाला लावला की हिरीचं पानी. थोरले मालक म्हनायचे, बाबू, आपलं झालं की ज्याला पायजे त्याचं करून दे, राकेल त्यानं आनावं. म्हनून गरिबाच्या बी शेतात रेडा गेला. चांभाराच्या, धनगराच्या, सगळ्यांच्या. मधी आमी बौद्ध झालो, गावानं बोलनं टाकलं, बलुतं बंद केलं, पन नांगरट आली की ज्या तोंडानं बोलत नव्हते त्याच तोंडानं बाबूराव म्हनत यायचे. तेवढ्या दोन महिन्याचा बाबूराव.

थोरले मालक वारले. कारभार आबासाहेबांकडं आला, त्यांचा पोरगा, पुण्याला शिकलेला, बोलनं गोड. त्यांनी दोन नवे ट्रॅक्टर आनले, रबरी टायरचे, लाल. आन् आता गंमत बगा, त्या लाल ट्रॅक्टरवर बसायला भावकीतली पोरं भांडाया लागली. वंगन तेच, पिवळंच. आता कोनी बाटंना. मला म्हनले बाबू तू रेड्याकडंच बग, ह्यो नवा माल तुला झेपायचा न्हाय. झेपायचा न्हाय! पंचवीस वर्सं ज्यानं इंजन उगडून जोडलं त्याला झेपायचा न्हाय. मला काय, रेडा व्हता की.

मग आबासाहेबांनी सोलापुरात सात रस्त्याला ट्रॅक्टरची एजन्सी टाकली, मोठी काच लावलेलं दुकान. आन् त्येंच्या मनात आलं की दुकानाच्या म्होरं चौथरा बांधायचा आन् त्याच्यावर रेडा उभा करायचा, रंग देऊन. मला बोलावलं मळ्यात, लिंबाखाली. म्हनले बाबू, ही वडिलांची आठवण आहे, असा ट्रॅक्टर आता जिल्ह्यात दुसरा नाही, तू वापरून वापरून एक दिवस मोडून टाकशील, मग काय दाखवायचं लोकांना? मी म्हनलो मालक, आठवन हाय म्हनून तर चालू ठिवायचा, चालतं यंत्र जितं ऱ्हातंय, उभं केलं की आतनं गंज धरतोय, मग नुसतं लोखंड उरतंय, बाभळीला बुजगावनं बांदल्यागत. ते म्हनले, म्याग्नेटो गेला तर कुठून आणशील? गिअरचा दात तुटला तर? कंपनी बंद पडली, बाबू, एक खिळासुद्धा मिळायचा नाही.

आता खरं सांगतो, खोटं कशाला, त्यांचं सगळंच चूक नव्हतं. गिअरच्या एका दाताला तडा गेला व्हता, मला ठावं व्हतं, मी त्यास्नी सांगितलं नव्हतं. हळू चालवायचो, उतारावर जपायचो. पन मी म्हनलो मालक, मानूस बी मरनार हाय म्हनून त्याला काय आदीच फोटूत बसवत्यात व्हय? ते हसले. म्हनले तू बोलायला पक्का आहेस. आन् रंगाचा डबा आला.

तेवड्यात बहात्तरचा दुष्काळ. तुमी पायलाच असंल. हिरी तळाला गेल्या. गावच्या हिरीवर आमास्नी तवा बी दोर सोडू देत नव्हते, कायदा काय बी म्हनूंदे, आमच्या बायका कडंला घागरी मांडून बसायच्या, कोनी वरनं वतलं तर वतलं. आन् पानी आटल्यावर कोन वततंय? माझी बायको सकाळी बसलेली दुपारी रिकामी घागर घेऊन यायची आन् माझ्याशी बोलायची न्हाय, जसं काय मीच पानी पिऊन टाकलं. मग दुष्काळी कामात आमच्या वस्तीला हीर मंजूर झाली. आमची स्वताची हीर. वस्तीतलं एक मानूस घरात बसलं न्हाय. म्हादू सगळ्यात म्होरं, सुरुंग भरायला त्यो, खाली उतरायला त्यो. त्याची बायको सोना दगडाच्या पाट्या वडायची. तीस फुटावर मुरमातनं पाझर लागला. लोक नाचले. पन पाझर लागला की हीर खनता येत न्हाय, पानी साचतंय, त्ये उपसल्याबिगर खाली जाता येत न्हाय, आन् बाजू बांदायच्या तर तळ कोरडा लागतोय. पंप गावला एक जुना, इंजन गावंना. सगळ्या तालुक्यात एक इंजन मोकळं नव्हतं. आन् मळ्यात लिंबाखाली रेडा उभा, अर्धा लाल, अर्धा काळा.

मी गेलो आबासाहेबांकडं. म्हनलो मालक, पंदरा दिस द्या, हीर बांदून झाली की मी सोता सोलापूरला पोचवतो. ते म्हनले उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार आहेत, तारीख पक्की नाही झाली अजून, तोवर ने. भल्या मनानं म्हनले. मी त्याच दिशी रेडा वस्तीवर आनला. हिरीच्या पोटात कपार पाडून पंप बसवला, वरनं लांब पट्टा सोडला, आन् हँडल मारलं. आवो काय सांगू, त्यो आवाज. ज्या आवाजाला बायका घरात पळल्या व्हत्या त्या आवाजाला आमच्या बायका पोरं काकंत घेऊन बाहीर आल्या. गढूळ लाल पानी पाटातनं धावाया लागलं आन् म्हाताऱ्या त्या चिखलपान्यात पाय बुडवून उभ्या. तीन दिस रेडा चालला. मी भाकर बी त्याच्याजवळच बसून खाल्ली. खाली म्हादू आन् दोगं-तिगं, गाळ भरून पाट्या वर. म्हादू खालनं वरडायचा, दादा, रेड्याला दम खाऊ देऊ नगंस, कातळ लागलाय! आन् एक बाजू सोडून बांदकामाचा पयला थर बी बसला.

चौथ्या दिशी सकाळी जीप आली. आबासाहेब उतरले. म्हनले पाहुण्यांची तारीख अलीकडं आली, परवाच कार्यक्रम, लॉरी मागून येतीय. मी म्हनलो मालक, एका अंगाचं बांदकाम राह्यलंय, पंप बंद केला तर हीर भरंल, मुरूम फुगंल. ते म्हनले आठ दिवसांचा तर प्रश्न आहे, कार्यक्रम झाला की आठव्या दिवशी ट्रॅक्टर तुझ्या वस्तीवर, माझा शब्द. मग माझ्या खांद्यावर हात ठिवला. म्हनले, आणि चालू करायला तूच पाहिजेस, दुसऱ्या कुणाला येतंय? वडील असते तर त्यांनी तुलाच नेलं असतं.

आता हितं मी चुकलो. मी न्हाय म्हनाया पायजे व्हतं. जीपम्होरं आडवं पडाया पायजे व्हतं. म्हादू वर येऊन उभा ऱ्हायला, चिखलानं माखलेला, त्यो म्हनला दादा, पट्टा काडू नगंस. एवडंच. मी त्याच्याकडं बगितलं न्हाय. मी पट्टा काडला. मालकांचा शब्द म्हनून काडला, आन् खरं सांगू, मला त्यो खांद्यावरचा हात बी गोड वाटला. पंचवीस वर्सांत पयल्यांदा कोनी म्हनलं व्हतं की बाबूबिगर हुनार न्हाय. मानूस असल्याच गोष्टीला इकला जातो.

सोलापुरात मला नवा फेटा बांदला, पांढरी कापडं दिली. रेड्याला लाल रंग, चाकाला चंदेरी, झेंडूच्या माळा. भटजी आले तवा मला म्हनले जरा बाजूला हो, पूजा होऊ दे. मी काचेच्या दाराला उभा ऱ्हायलो. नारळ फुटला, कुकू लावलं, ज्या वंगनानं बाटत व्हते त्याच्यावरच हळदकुकू. मग मला हाक मारली. मी पेट्रोल सोडलं, हँडल मारलं, पयल्या झटक्याला चालू. सगळा सात रस्ता बगाया थांबला, टांगेवाले, रिक्षावाले. टाळ्या वाजल्या. पावन्यांनी विचारलं चालवतो कोण, आबासाहेब म्हनले आमच्या घरचाच माणूस आहे. मी छाती फुगवून उभा. मला वाटलं थोरले मालक बगत असत्याल.

दुसऱ्या दिशी सकाळी आमच्याकडच्या एसटीचा कंडक्टर मला हुडकत दुकानावर आला. म्हनला बाबू, घरी चल. काय झालं म्हनलं तर सांगंना, चल म्हनला. टेंभुर्नीच्या म्होरं गेल्यावर त्यानं सांगितलं. आदल्या दिशी हीर भरत चाललेली बगून म्हादूला ऱ्हावलं न्हाय. पंप न्हाय तर बादल्यांनी उपसू म्हनला, आन् कमरंएवड्या पान्यात उतरून गाळ भराया लागला. जी बाजू बांदायची राह्यली व्हती तीच वल धरून खाली आली. तिगं व्हते खाली, दोगं वडून काडले. म्हादूला काडायला दुपार लागली. मी पोचलो तवा त्याला वट्यावर ठिवला व्हता, आन् त्याच्या कानात, नाकात लाल मुरूम. मी डोक्यावरचा फेटा काडायचा इसरलो व्हतो. सोनानं माझ्याकडं बगितलं आन् म्हनली, भावजी, टाळ्या पडल्या का?

आजून इचारती ती मला. तोंडानं न्हाय.

आबासाहेब आले माती द्यायला, खोटं बोलायचं न्हाय, आले. सोनाच्या हातात काय तरी ठिवाया लागले, तिनं हात माघारी घेतला. मला म्हनले नशीब, बाबू. आठवा दिस गेला, पंदरावा गेला. मी सोलापूरला गेलो तर रेड्याची चाकं चौथऱ्यात शिमिटानं बसवलेली. भवतीनं साखळी. मी म्हनलो मालक, शब्द दिला व्हता. ते म्हनले आता हीर तरी कुठं चालू आहे? खरं व्हतं ते. हीर बंदच पडली व्हती, कोनाची हिंमत व्हईना. पुडच्या उनाळ्यात सरकारी इंजन आलं, बाजू बांदल्या, पानी बी लागलं, ग्वाड पानी. वस्ती पीती. सोना पीत न्हाय. ती लांबच्या हातपंपावर जाती.

मी मळा सोडला. सोलापुरात आलो, भवानी पेठंत ही गिरनी गावली. मालक पद्मशाली हाय, तेलगू बोलतो, मला इंजनाचं इचारून करतो, मान देतो. म्हादूची पोरगी कमल माझ्यापशी असती, मॅट्रिकला हाय औंदा, हुशार हाय. सोना महिन्यातनं एकदा येती, लेकीला भेटती, माझ्या हातचं पानी घेती, जाती. सात रस्त्यावरनं जायचं मी टाळतो. पन सोलापुरात ऱ्हाऊन सात रस्ता किती टाळनार? पोरं चढत्यात त्याच्यावर, फोटू काडत्यात. पावसाचं पानी धुराड्यातनं आत जातंय, कोनी डबा सुदीक उपडा घातला न्हाय. लाल रंगाखालनं गंज वघळतोय.

गेल्या सालची गोष्ट. आबासाहेबांचा मानूस गिरनीत आला, मालकांनी दुकानावर बोलावलंय. जानार न्हवतो, गेलो. खुर्ची दिली मला. च्या दिला, कपात. म्हनले बाबू, मोठं शेतकी प्रदर्शन आहे, जुनी यंत्रं चालवून दाखवायची आहेत, गावोगावचे लोक आपापली यंत्रं आणणार, आपला रेडा सुरू होत नाही, तीन मिस्त्री हात टेकून गेले. आन् मग म्हनले, तू म्हणत होतास तेच खरं, उभं करून चूक झाली, चालता ठेवायला पाहिजे होता. केस पांढरे झालेत त्यांचे बी. म्हनले एवढं करून दे, प्रदर्शन झालं की चौथऱ्यावर पुन्हा चढवत नाही, तू घेऊन जा गावाकडं, नांगर, तुला पाहिजे त्याची जमीन नांगर, माझा शब्द.

मी उठलो, साखळी वलांडली. वर चढून प्लग काडलं, आत बोट घातलं, बोटाला तांबडा गंज. खाली येऊन हँडलला हात लावला आन् हळू दाब दिला. हललं. दोन बोटं हललं, आन् थांबलं. मला कळलं. पिस्टननं धरलं व्हतं, पन मेला नव्हता. प्लगातनं राकेल सोडायचं, आठ दिस मुरू द्यायचं, रोज थोडं थोडं हँडल हलवायचं, सुटला असता. त्या मिस्त्र्यांनी घाई केली व्हती, त्यास्नी त्याचा सोभाव ठावं न्हाय. मला ठावं हाय. मला वाटलं, सोडवावा, कोनाच्या तरी वावरात एकदा घालावा, हराळी वर आलेली बगावी, मग काय व्हायचं ते होवो.

आबासाहेब म्हनले, काय, होईल ना?

मी हात पुसले. म्हनलो, न्हाय मालक, संपला. आतनं सगळा एक झालाय. आता त्यो दाखवायचाच.

ते म्हनले, तू म्हणतोस म्हणजे संपलाच. त्यास्नी माझ्यावर इस्वास, बगा. मी च्या संपवला, कप खाली ठिवला, आन् चालत गिरनीवर आलो.

खोटं बोललो मी. जन्मात यंत्राच्या बाबतीत कदी खोटं बोललो नव्हतो. कमलला बी सांगितलं न्हाय, सोनाला बी न्हाय. त्या बिचाऱ्या रेड्यानं काय वाईट केलं व्हतं? त्यानं तर तीन दिस पानी काडलं. ज्यानं काडायचं थांबवलं त्याला मी काय बी करू शकलो न्हाय, म्हनून मुक्या लोखंडावर सूड काडला, असं कदी कदी वाटतंय. आन् कदी वाटतंय बरं केलं. मालकांचा त्यो ‘माझा शब्द’ मी एकदा ऐकला व्हता.

तुमी लिवताय तर हे बी लिवा, गाळू नगा. आबासाहेबांनी वाचलं तर वाचूंद्या, आता मला कोनाचं भ्या न्हाय. अजून बी राकेल घातलं तर सुटंल की न्हाय ते मला सांगता येत न्हाय, एक पावसाळा आनिक गेलाय त्याच्यावरनं. चला, ती बाई ज्वारी घेऊन उभी हाय मगापासनं. या बाई, पाटी हितं ठिवा. तुमी बी पुन्हा या साहेब, लेकराबाळांसंगट सुखी ऱ्हावा.